धुतलेली बोळकी

आमच्या घरातली भांडी चालायची. शाळेत हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाईंनी मला खोटारडी ठरवून कोपऱ्यात उभं केलं, पण गोष्ट खरी होती. लिंबायतच्या गल्लीतली आमची एकुलती एक खोली आणि मागचं खातं यांच्यात एकच भिंत होती. सुरतेत यंत्रमागाला संचा म्हणतात आणि जिथं संचे चालतात ते खातं. संचे अखंड खडखडायचे, भिंत थरथरायची आणि मांडणीवरची ताटं, वाट्या, तांबे सूतभर सूतभर पुढं सरकायचे. संध्याकाळी दिवा लावण्याआधी माय ती सगळी पुन्हा भिंतीला लावायची आणि "चला वं, माघारी फिरा" असं त्यांना दटावायची. आठवड्यातून एकदा वीज बंद असली की खातं गप्प व्हायचं आणि घरातल्या सगळ्यांनाच कसंसं व्हायचं. आप्पांना संच्यांपायी कमी ऐकू येऊ लागलं होतं, पण संचे थांबलेले मात्र त्यांना बरोबर ऐकू यायचे. जेवताजेवता हात थांबवून ते म्हणायचे, "काय व्हयनं?"

माय आणि आप्पा दोघंही खानदेशातल्या कुंभारांच्या घरातले. गावात स्टीलचे हंडे आणि प्लास्टिकच्या बादल्या आल्या तशी मडक्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. आप्पांनी चाक थोरल्या भावाच्या हवाली केलं आणि सुरतेत येऊन संच्यांवर उभे राहिले. मायनं माहेरची म्हणून एकच वस्तू बरोबर आणली होती, पालथं घालून मांडे भाजायचं मातीचं खापर. गाडीतून येताना ते तिनं मांडीवर धरलं होतं आणि मी, तेव्हा दीड वर्षाची, पायाशी बोचक्यावर होते. हे ती स्वतःच कौतुकानं सांगायची. मी मोठी झाल्यावर यावरून तिला खूप चिडवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या खापरावर ती हातभर पसरलेले मांडे टाकायची आणि गल्लीतल्या आठ घरांतल्या बायका पीठ-पुरण घेऊन आमच्या दारात बसायच्या, कारण तेवढ्या भागात खापर एकट्या तिच्याकडेच होतं.

तिच्या माहेरी बायका सगळं करायच्या. माती आणायच्या, चाळायच्या, राख मिसळून पायानं तुडवायच्या, ओली मडकी थापटून गोल करायच्या, भट्टी रचायच्या. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही. माय दहा वर्षांची असताना एका दुपारी, सगळे कलंडलेले बघून, ती चाकावर बसली. मातीचा गोळा ठेवला, काठीनं चाक फिरवलं आणि गोळ्यात अंगठा घातला. भांडं वर येऊ लागलं एवढ्यात चुलतीनं पाठीत धपाटा घातला. पुढं घरात भट्टी बिघडली की त्याचं खापर त्या दुपारवर फुटायचं. ही हकीकत माय हसत हसत सांगायची, पण सांगताना तिचा उजवा अंगठा नकळत आत वळायचा. मला त्या वयात ते दिसत होतं, कळत नव्हतं.

मी सातवीत गेले त्या वर्षी मायनं आमच्या ओट्यावर चहा करायला सुरुवात केली. सकाळी सातला पाळी बदलायची. बाहेर पडणारे आणि आत जाणारे दोघांनाही त्या वेळी चहा लागायचा. भुशाची शेगडी, एक मोठं पातेलं, पुदिना आणि गवती चहाची जुडी. असला पुदिन्याचा चहा गावाकडे कुणी पित नाही. तो ती शेजारच्या गुजराती बाईकडून शिकली आणि मग तिच्यापेक्षा चांगला करू लागली. सुरुवातीला काचेचे ग्लास होते. ते एका बादलीत बुडवून काढले की धुतले म्हणायचे. खानदेशातले आमचे लोक त्यातून आनंदानं प्यायचे. उत्तरेकडचे मात्र बादलीकडे बघत उभे राहायचे आणि पुढच्या नाक्यावर जायचे. शेवटी दुबेजींनी तिला उपाय सांगितला.

दुबेजी मागच्या खात्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले संचे ठीक करणारे मिस्त्री. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात सूत ओवायची बारीक लोखंडी आकडी कायम खोचलेली. मायला ते भौजी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. "भौजी, कुल्हड रख लीजिए," ते म्हणाले. "उसमें किसी का मुँह नहीं लगा होता. पिया और फेंका." माय हिंदी बोलत नसे. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. ती अहिराणीत सांगायची, मी हिंदीत सांगायची. त्या वयात मला याचा भलताच तोरा होता.

उधन्याच्या बाजूला एक प्रजापतीकाका होते, गुजराती कुंभार. त्यांची हातगाडी दर सोमवारी येऊ लागली. ते कुलडी म्हणायचे, दुबेजी कुल्हड म्हणायचे आणि माय म्हणायची बोळकं. पहिली टोपली आली त्या दिवशी मायनं शेगडी पेटवायची सोडून एकेक बोळकं उचललं, बोटाच्या पेरानं टिचकी मारून कानाशी धरलं. आवाज खणखणीत आला की मान हलवायची. काकांना तिनं माझ्याकरवी विचारलं की माती कुठली, राख किती, भट्टी लाकडाची की शेणीची. काका आधी गोंधळले. मग, ही आपल्यातलीच आहे हे ओळखून ओट्यावर टेकले आणि अर्धा तास बोलले. तो पहिला चहा ओतला तेव्हा कोरड्या मातीतून चर्र असा बारीक आवाज आला आणि तापलेल्या मातीचा वास गल्लीभर गेला. माय डोळे मिटून उभी राहिली. मला वाटतं सुरतेत आल्यापासून ती इतकी सुखी मी पाहिली नव्हती. ते सुख दुबेजींचा चहा संपेपर्यंत टिकलं. त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि बोळकं सहज, न बघता, भिंतीशी ठेवलेल्या पिंपात भिरकावलं. खळ्ळ झालं. मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

त्या दिवशी ती जेवली नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा तसाच ताटात. "मन्हा बाप आख्खा दिन कंबर वाकाडीसन चाकवर बठे," ती म्हणाली, "आनि ह्या एक घोट पिसन फेकी देतस." आप्पांना नीट ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, मीठ बरोबर आहे.

आणि मग तिनं ते सुरू केलं. पिंपातलं न फुटलेलं एकेक बोळकं ती दुपारी वेचून आणायची. मी ती सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घासायची. उन्हात वाळवायची. नंतर माय ती शेगडीच्या निखाऱ्यात पालथी घालून लाल होईपर्यंत भाजायची आणि दुसऱ्या दिवशी नव्यांत मिसळायची. यात लबाडी आहे असं तिला वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. कुंभाराच्या घरात आगीतून बाहेर आलेली वस्तू ही नवी वस्तू, एवढंच तिला ठाऊक होतं. "आगमातून निंघनं, आते कोन्हं उष्टं ऱ्हायनं?" असं ती मला विचारायची. पण मी हिंदी बोलणारी होते, ओट्यावर उभी राहून त्या लोकांचं ऐकणारी होते. किसी का मुँह नहीं लगा, हे मी रोज ऐकत होते. आपण करतो ते त्यांना कळलं तर काय होईल, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मी मायला सांगितलं नाही. ती दुपारी शेगडीपुढं बसून बोळकी भाजायची, चुलतीची, मामाची, गावच्या तळ्याची गोष्ट सांगायची. ते बंद पडेल म्हणून मी गप्प राहिले.

दुबेजींना एक खोड होती. बोलताबोलता खिशातली आकडी काढून ते बोळक्याच्या बुडावर रेघोट्या ओढायचे आणि त्यातून हमखास पिंपळाचं पान व्हायचं. ते पान किती सुबक असायचं. देठ, मधली शीर, टोकाला लांब शेपटी. त्यांच्या घरासमोर पिंपळ होता असं ते म्हणायचे. पानाची बोळकी मी भाजून झाल्यावर बाजूला काढायची आणि खाटेखाली एका करंडीत साठवायची. ती वापरायची नाहीत एवढं भान मला होतं. पण खरं कारण वेगळं, मला ती फार आवडायची.

आता परवा माझ्या नातीनं मला सुरतेच्याच पाल भागात एका चकचकीत दुकानात कुल्हडचा चहा पाजला. आत केशर, वर पिस्ते, आणि कुल्हड साच्यातून काढलेला, एकसारखा, बोटाच्या खुणेविना. पिऊन झाल्यावर मी तो पर्समध्ये घातला तेव्हा नात म्हणाली, "आजी, प्लीज, इथं नको ना." घरी असे सतरा-अठरा जमलेत, एकात मेथी पेरली आहे. सवय आहे, तिला कोण काय करणार.

तर तो सोमवार. प्रजापतीकाकांची गाडी आली नाही. पाळी सुटली, ओट्यापुढं गर्दी झाली आणि बोळकी संपली. मी आत वेणी घालत होते. मायनं इकडंतिकडं पाहिलं, तिला खाटेखालची करंडी दिसली. धुतलेली, भाजलेली, चांगली पंचवीसेक बोळकी. पोरीनं आवरून ठेवली असतील असं समजून ती करंडी बाहेर घेऊन गेली. मी वेणीला रिबीन बांधून बाहेर आले तेव्हा दुबेजींचा चहा पिऊन झाला होता आणि त्यांनी आकडी काढून बोळकं उलटं केलं होतं.

बुडावर पान आधीच होतं. मग शेजारच्याच्या हातातलं बोळकं वर उचलून त्यांनी त्याचं बूड पाहिलं. त्यावरही पान. तिसऱ्यावरही. "भौजी," ते हळूच म्हणाले, "ये पत्ता तो हमारा बनाया हुआ है. ये हमने फेंका था." पाठीमागं कुणीतरी पचकन थुंकलं. कुणीतरी म्हणालं, "जूठा पिलाती है." आवाज चढू लागले. आमचे दोन-तीन खानदेशी होते तेही मागं सरकले. दुबेजी ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा फक्त पडला, आणि ते बघणं मला ओरडण्यापेक्षा कठीण गेलं.

माय शेगडीजवळून उठली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "सांग त्यास्ले, मीच धोयात. रोज धोवस. आगमा भाजी लेस. सांग."

मी सांगितलं नाही. मी सगळ्यांकडं वळले आणि अस्खलित हिंदीत म्हणाले, "चाचा, हमको क्या मालूम. कुम्हार ने पुराने दे दिए होंगे. वो ही कहीं से उठाके बेचता होगा."

किती पटकन सुचलं ते. इतक्या वर्षांत मी शाळेत शेकडो मुलांना शिकवलं, खोटं बोलणाऱ्या पोरांकडे नुसतं बघून ओळखलं, पण स्वतःच्या त्या वाक्यापुढं माझी मान अजून वर होत नाही. कुंभाराची नात मी. अर्धा तास आमच्या ओट्यावर बसून मायशी मातीबद्दल बोललेल्या त्या म्हाताऱ्यावर मी सगळं ढकलून मोकळी झाले. आणि ते खपलंही. दोघेतिघे लगेच म्हणाले, हां, ये लोग ऐसाही करते हैं, आने दो उसको. ते म्हातारे काका पुढच्या सोमवारी हातगाडी ढकलत आले असते आणि गल्लीनं त्यांना धरलं असतं.

मायला कुम्हार हा शब्द कळायला दुभाष्याची गरज नव्हती. तिनं मला हातानं बाजूला केलं. मारलं नाही, ढकललं नाही, दारातला पडदा सारावा तसं सारलं. ओट्याच्या कडेपर्यंत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिंदीत बोलली.

"लडकी झूट बोलती," ती म्हणाली. "कुम्हार नहीं. मैं. मैं धोया."

एवढंच. हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही, बाप कुंभार होता वगैरे काही सांगितलं नाही. तेवढे शब्द तिच्याकडे नव्हतेच. लोक बोलायचं ते बोलले आणि निघून गेले. दुबेजी सगळ्यात शेवटी गेले. त्यांनी हातातलं बोळकं पिंपात टाकलं नाही, ओट्यावर सुलटं ठेवलं आणि गेले.

पुढचे सात-आठ दिवस ओट्यावर कुणी आलं नाही. माय रोज सहाला शेगडी पेटवायची, पातेलं चढवायची, पुदिना तोडायची. चहा उकळून उकळून काळा व्हायचा आणि तो आम्ही दिवसभर प्यायचो. आप्पांना खात्यातच सगळं कळलं होतं. ते चिडले होते. "काचना गिलास काढ आनि गुमान चहा कर," ते म्हणाले. मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वाढायची, वेणी घालायची, पण माझ्याशी बोलायची नाही. चौथ्या दिवशी मी रडत तिच्या पाठीला जाऊन चिकटले. ती भांडी मागं ढकलत होती. न वळता म्हणाली, "मन्हं नाव सांगाले लाज वाटनी तुले?" मी म्हटलं, लाज नाही गं, भीती वाटली. तिनं तांब्या भिंतीला टेकवला. "मालेबी वाटनी," ती म्हणाली आणि मग पुढच्या वाटीला हात घातला. त्यावर आमचं कधीही बोलणं झालं नाही. तिची माफी मागायची राहूनच गेली. त्या वेळी वाटलं, हे इतकं स्वच्छ झालं आहे, आता काय मागायची. ती चूक होती. मागायला हवी होती.

सोमवारी प्रजापतीकाका आले. त्यांना कुणी काही बोललं नाही. मायनं टोपली उतरवून घेतली. काकांनी रिकामं पिंप पाहिलं आणि गाडी पुढं ढकलली.

दुसऱ्या सकाळी पाळी सुटली आणि दुबेजी एकटेच आले. ओट्यापुढं उभे राहिले. "चाय, भौजी." मायनं त्यांच्यासमोर नव्या टोपलीतून बोळकं काढलं, टिचकी मारली, चहा ओतला. चर्र झालं. ते प्यायले. आकडी खिशातच राहिली. शेवटचा घोट घेऊन त्यांनी पिंपाकडे हात उचलला तेव्हा मायनं आपला हात पुढं केला. त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी बोळकं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि ओट्याच्या दगडावर आपटलं. ते फुटलं नाही. तिच्या हातात जोरच नव्हता. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तीन तुकडे झाले. मायच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिनं ते पुसलंही नाही. दुबेजींनी तिच्याकडे पाहिलं आणि, कदाचित काय करावं न सुचून, म्हणाले, "एक और दीजिए."

तेव्हापासून रीत पडली. आमच्या ओट्यावर पिणाऱ्यानं बोळकं फेकायचं नाही, मायच्या हातात द्यायचं. ती कपाळाला लावणार आणि सगळ्यांदेखत फोडणार. आधी दुबेजी, मग त्यांच्याबरोबरचे चार, मग हळूहळू सगळेच परत आले. उत्तरेकडच्यांना खात्री पटली की पुन्हा कुणाच्या तोंडाला लागणार नाही, आणि मायला हे समाधान की कुणी लाथाडल्यासारखं टाकत नाही. नव्या माणसाला जुनेच दटावायचे, "ऐ, फेंकना मत, माई को दे." भौजीची माई कधी झाली ते लक्षात नाही. फुटके तुकडेही तिनं कचऱ्यात जाऊ दिले नाहीत. आमची गल्ली खोलगट, पावसाळ्यात दारापुढं गुडघाभर राड व्हायची. ती दुपारी तुकडे त्या राडीत पसरायची आणि मोगरीनं ठोकून बसवायची. ओट्यापुढचा खड्डा भरला, मग शेजारच्या दारापुढचा, मग पुढचा. वीस वर्षं ती चहा करत होती. शेवटी शेवटी गल्ली टोकापर्यंत लाल आणि टणक झाली होती आणि पहिल्यांदा येणारा रिक्षावाला हमखास विचारायचा की इथं विटा कुणी घातल्या.

दुबेजी म्हातारपणी गावी गेले ते परत आले नाहीत. मी शिक्षिका झाले, लग्न होऊन नदीपलीकडे राहायला गेले. आप्पा गेले. मायनं शेगडी विझवली, पण खोली सोडली नाही. खाती तिथून हलली, मागची भिंत गप्प झाली, आणि तरी ती संध्याकाळी मांडणीवरची भांडी एकदा हातानं मागं ढकलायचीच.

गल्लीत गटाराचे मोठे पाइप आणि वर सिमेंट घालायचं ठरलं तेव्हा मी तिच्याकडेच होते. यंत्रानं जमीन उकरायला सुरुवात केली आणि मातीऐवजी तुकडेच तुकडे वर येऊ लागले. लाल, काळपट, हातभर खोल थर. एका तुकड्यावर पानाच्या शिरेची रेघ आहे की काय असं मला वाटलं. उचलून पाहिलं तर नुसता ओरखडा होता. कामावर देखरेख करणारा तरुण मुलगा खड्ड्यात उतरला, मूठभर तुकडे घेऊन वर आला, आणि ओट्यावर बसलेल्या मायपुढं हात पसरून त्यानं विचारलं, "माँजी, यहाँ पहले कोई कुम्हार रहता था क्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, तिच्या वतीनं हिंदी मीच बोलायची. मायनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हां," ती म्हणाली. "मैं."